थंडीच्या दिवसांत कोंबड्यांची निगा

मार्गशीर्ष सरून पौष लागला, म्हणजे आपल्या घाटमाथ्यावरील मुलखांत थंडीचा अंमल चांगलाच जाणवूं लागतो. नाशिक, पुणें, सातारा या बाजूस शाळेच्या पहिल्या घंटेला येणारीं मुलें हाताच्या मुठी काखेंत दाबून येतांना दिसतात. निफाडच्या परिसरांत तर एखाद्या वर्षीं पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खालीं उतरतो. आणि महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं गवतावरील दंव गोठून पहांटे पांढरें झालेलें आढळतें. अशा वेळीं आपण स्वेटर चढवितों, गोधडी ओढून घेतों, चुलीजवळ सरकून बसतों. परंतु परसाच्या कोपऱ्यांत खुराड्यामध्यें बसलेल्या आपल्या कोंबड्यांनीं या थंडीस तोंड कसें द्यावें, याचा विचार आपल्यापैकीं कितीजण करितात? आणि जे करितात, त्यांतील कितीजण तो योग्य दिशेनें करितात?

हा दुसरा प्रश्न मुद्दाम विचारला आहे. बेपर्वाईनें कोंबड्यांचें जितकें नुकसान होतें, तितकेंच अजाण मायेनेंही होतें. हें विधान मी एखाद्या पुस्तकांतून उचललेलें नाहीं; तें स्वतःच्या अनुभवावरून, आणि तोही कांहींशा महाग पडलेल्या अनुभवावरून, करीत आहें.

मी आठव्या इयत्तेंत असतांना आमच्या घरीं अकरा कोंबड्या होत्या. त्यांची देखरेख आजीकडे असे. अंड्यांचे पैसे आई एका डब्यांत टाकी, व त्यांतून आम्हां भावंडांच्या वह्यापुस्तकांचा आणि परीक्षेच्या फीचा खर्च चाले. आजीचें खुराडें बांबूच्या कामट्यांचें, खालच्या अंगास शेणामातीनें लिंपलेलें, आणि वर छपराखालीं वीतभर उघडें असें होतें. थंडी सुरू झाली म्हणजे ती ज्या बाजूनें वारा येई त्या बाजूस गोणपाट बांधी. वरची फट मात्र ती कधींच बुजवीत नसे. मला वाटे, हा तिचा आळस आहे. त्या वर्षीं ऐन पौषांत आजी आत्याकडे राहावयास गेली व खुराड्याचें काम माझ्यावर आलें. एके रात्रीं थंडी फारच पडली. मीं खुराड्याच्या चारी बाजूंस गोणपाट बांधलें, वरची फट प्लॅस्टिकच्या कापडानें झांकली, आणि एवढ्यानेंही समाधान न होऊन कोळशाची एक लहान शेगडी फुलवून आंत कोपऱ्यांत ठेविली. आपण मोठें पुण्याचें काम केलें, अशा समजुतीनें मी झोपीं गेलों.

पहांटे दार उघडतांच ओलसर, उग्र वाफ तोंडावर आली. तीन कोंबड्या दांड्याखालीं निश्चेष्ट पडल्या होत्या. बाकीच्या डोळे मिटून, माना टाकून बसल्या होत्या. त्यांतील आणखी एक दुपारपर्यंत गेली. आई मला रागें भरली नाहीं. तिनें डबा उघडला, आंतील पैसे मोजले, आणि डबा पुन्हां फळीवर ठेवून दिला. त्या वर्षीं माझ्या परीक्षेची फी मामाकडून उसनी आणावी लागली. आजी परत आल्यावर तिनें एवढेंच विचारलें, "वरची फट कोणीं बुजविली?"

हिंवाळ्यांत कोंबड्या सांभाळण्याचें बहुतेक सारें शास्त्र त्या एका प्रश्नांत आहे, हें मला पुढें पुष्कळ वर्षांनीं उमगलें. तें शास्त्र येथें सोप्या शब्दांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम कोंबडीच्या शरीराकडे पाहूं. मनुष्याच्या शरीराचें उष्णतामान सुमारें ३७ अंश असतें. कोंबडीचें ४१ ते ४२ अंश असतें. ज्या उष्णतामानास आपल्याला कडक ताप चढला म्हणून घरांतील माणसें घाबरतील, तें तिच्या निरोगीपणाचें लक्षण होय. ही ऊब ती खाल्लेल्या दाण्यापासून स्वतःच निर्माण करिते. ती वांचविण्यासाठीं निसर्गानें तिला उत्तम पांघरूण दिलें आहे. बाहेरचीं पिसें कौलांप्रमाणें एकावर एक बसलेलीं असतात, आणि त्यांच्या आंत मऊ लव असते. कोंबडी पिसें फुलवून बसली म्हणजे या लवेंत हवा अडकून राहते. हवा ही उष्णतेची मंद वाहक आहे, हें आपण शाळेंत शिकलांच आहां. गोधडीच्या थरांत अडकलेली हवा आपल्याला जशी ऊब देते, तशीच ही पिसांतील हवा कोंबडीला देते. मात्र पिसें भिजलीं, अथवा वाऱ्याच्या झोतानें विसकटलीं, तर ती हवा निघून जाते. भिजलेल्या गोधडीचा उपयोग काय, हें कोणास सांगावयास नको.

पाय आणि तुरा या दोन जागा मात्र पिसांवांचून उघड्या असतात. पायांतील रक्तवाहिन्यांची रचना अशी आहे कीं, खालीं जाणारें उष्ण रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला वाटेंतच आपली ऊब देतें. त्यामुळें पायांवाटे फारशी उष्णता वायां जात नाहीं. शिवाय कोंबडी रात्रीं दांड्यावर पायांवर बसते व पोटाच्या पिसांनीं बोटें झांकून घेते. म्हणून दांडा गोल व बारीक नसावा. सुमारें २ इंच रुंद, वरून सपाट व कडा घासून गुळगुळीत केलेला असावा. लोखंडी नळी तर मुळींच वापरूं नये, कारण धातु पायांतील उष्णता त्वरित ओढून घेतो.

तुऱ्याचा प्रश्न थंड देशांत फार महत्त्वाचा आहे. लेगहॉर्न जातीच्या कोंबड्यांचा तुरा मोठा असतो, व तो कडक हिमांत गोठून काळा पडतो. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत ओका येथील मठांत राहणारे ब्रदर विल्फ्रिड शातलँ यांनीं या अडचणीवर एक वेगळाच उपाय शोधिला. १९०८ सालच्या सुमारास आरंभ करून निरनिराळ्या जातींच्या संकरानें त्यांनीं 'शांतक्लेर' नांवाची एक नवी जात तयार केली. तिचा तुरा व गळ्याखालील लाल पाळे इतके लहान आहेत कीं, गोठावयास कांहीं उरतच नाहीं. १९२१ सालीं अमेरिकेंतील कुक्कुटपालकांच्या संघानें या जातीस मान्यता दिली. आपल्याकडे तुरा गोठण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं. परंतु यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी कीं, जेथें महिनेच्या महिने बर्फ साचलेलें असतें, तेथेंही कोंबडी जगते व अंडीं घालते. त्या मानानें आपली थंडी कांहींच नव्हे. मग आमच्या त्या चार कोंबड्या कशानें मेल्या?

याचें उत्तर शेगडीपासून सुरू करूं. जळत्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील जो लाल घटक प्राणवायु वाहून नेतो, त्याला हा वायु प्राणवायूपेक्षां कितीतरी घट्ट चिकटतो. त्यामुळें श्वास चालूं असूनही शरीर आंतल्या आंत गुदमरतें. पक्ष्यांना तर हा वायु मनुष्याच्याही आधीं बाधतो. त्यांच्या शरीरांत फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात, आणि श्वास घेतांना व सोडतांना अशा दोन्ही वेळां त्यांच्या फुप्फुसांतून ताजी हवा वाहते. उडण्यासाठीं लाभलेली ही देणगी विषारी हवेंत त्यांच्या जिवावर बेतते. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून कॅनरी पक्षी पिंजऱ्यांत घालून नेत. पक्षी दांड्यावरून पडला कीं, माणसें बाहेर धांव घेत. ही चाल १९८६ सालापर्यंत टिकून होती. तेव्हां बंद खुराड्यांत शेगडी ठेवणें म्हणजे कोंबड्यांना त्या खाणींत कोंडण्यासारखें आहे. पालकांनींही एक गोष्ट विसरूं नये: दारें-खिडक्या लावून, शेगडी पेटती ठेवून निजणें हें माणसांच्याही प्राणावर बेततें.

शेगडी नसती तरी मीं केलेला बंदोबस्त घातकच होता. एक अंडीं घालणारी कोंबडी दिवसास सुमारें २०० ते २५० मिलिलिटर पाणी पिते. म्हणजे दहा कोंबड्या मिळून दोन ते अडीच लिटर पाणी पितात. त्यांतील थोडें अंड्यांत जातें; बाकीचें बहुतेक सर्व श्वासावाटे व विष्ठेवाटे बाहेर पडतें. ताज्या विष्ठेंत सुमारें तीन चतुर्थांश पाणीच असतें. खुराडें चोहोंबाजूंनीं बंद केलें म्हणजे ही वाफ जाईल कोठें? ती छपराला लागून थंड होते, थेंब होऊन कोंबड्यांच्या पाठीवर पडते, आणि खालचा भुसा भिजविते. विष्ठेवर जो पांढरा भाग दिसतो, त्यावर ओलाव्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूंची क्रिया होऊन अमोनिया वायु तयार होतो. सकाळीं माझ्या तोंडावर आलेला उग्र दर्प याचाच होता. या वायूनें कोंबड्यांच्या डोळ्यांस पाणी येतें, श्वासनलिकेची आंतील नाजूक त्वचा बिघडते, आणि मग सर्दी-खोकल्याचे जंतु सहज आंत शिरतात. पुष्कळ घरीं "थंडी बाधली" म्हणून ज्या कोंबड्या दगावतात, त्यांचें मरण कोंदट व ओल्या हवेंत असतें.

येथें कोणी विचारील, "मग काय खुराडें सताड उघडें टाकावें?" तसेंही नाहीं. वाऱ्याचा झोत आणि हवेची ये-जा या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. दांड्यावर बसलेल्या कोंबडीच्या अंगावर वारा येतां कामा नये. परंतु तिच्या डोक्याच्या वरून दमट हवा बाहेर जावयास वाट हवी. दमट, उबदार हवा हलकी असल्यामुळें ती वर चढते. म्हणून छपराखालीं वीतभर मोकळी जागा ठेवावी, आणि खालच्या अंगास, कोंबड्या बसतात तेथपर्यंत, वाऱ्याच्या दिशेची भिंत पक्की लिंपावी किंवा गोणपाटानें झांकावी. अमेरिकेच्या ईशान्य भागांत डॉ. प्रिन्स वुड्स नांवाच्या गृहस्थांनीं १९१२ सालीं मोकळ्या हवेच्या कोंबडीघरांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांची घरें लांबट, दक्षिणेकडील बाजूस उघडीं, व बाकीच्या तीन बाजूंनीं बंद असत. कोंबड्या अगदीं मागच्या भिंतीशीं बसत. वारा पुढून शिरला तरी तो मागपर्यंत पोंचत नसे, आणि हवा मात्र सदैव ताजी राही. बर्फाच्या प्रदेशांत जी युक्ति लागू पडली, ती आपल्याकडे कां लागू पडूं नये? माझ्या आजीनें वुड्ससाहेबांचें नांवही ऐकिलें नव्हतें. तिची बांबूची कूड मात्र त्याच तत्त्वावर उभी होती.

आपलें खुराडें ठीक आहे कीं नाहीं, हें पाहण्याच्या दोन सोप्या परीक्षा सांगतों. पहिली उदबत्तीची. सायंकाळीं कोंबड्या दांड्यावर चढण्यापूर्वीं एक उदबत्ती पेटवून दांड्याच्या उंचीवर धरावी. धूर सावकाश सरळ वर जाऊन छपराखालच्या फटींतून बाहेर पडला, तर ठीक. तो आडवा उडाला, तर झोत येत आहे. ज्या भोकांतून येतो तें बुजवावें. तो घुटमळून तेथेंच साचला, तर हवेस वाट नाहीं. वरची फट वाढवावी. हें करितांना उदबत्ती भुशापासून दूर धरावी व नंतर विझवून बाहेर न्यावी. दुसरी परीक्षा नाकाची. पहांटे दार उघडतांच खालीं गुडघ्यांवर बसून कोंबडीच्या उंचीवर श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले, किंवा उग्र वास आला, तर समजावें कीं, ज्या हवेंत आपल्याला क्षणभर राहवत नाहीं, तींत आपल्या कोंबड्यांनीं सबंध रात्र काढिली आहे.

घराची जागा निवडतांना सकाळचें ऊन आंत येईल अशी, म्हणजे पूर्वेस किंवा दक्षिणेस तोंड असलेली निवडावी. जमीन आजूबाजूच्या जागेपेक्षां फूटभर उंच असावी. दहा कोंबड्यांस निदान ५ फूट लांब व ४ फूट रुंद एवढी जागा हवी, आणि दांड्यावर प्रत्येकीस ८ ते १० इंच. दाटी केल्यानें ऊब वाढते हें खरें. परंतु तिच्याबरोबर ओलावाही वाढतो. वरच्या फटीस बारीक छिद्रांची मजबूत तारेची जाळी लावावी, नाहींतर मुंगूस व रानमांजर त्याच वाटेनें आंत येतील.

जमिनीवर ४ ते ६ इंच जाडीचा थर पसरावा. भाताचें तूस, लाकडाचा भुसा, बारीक तोडलेलें गव्हाचें काड, भुईमुगाचीं टरफलें, यांपैकीं जें गांवांत स्वस्त मिळेल तें घ्यावें. हा थर खालून येणारा गारवा अडवितो व ओलावा शोषून घेतो. दोन-तीन दिवसांनीं तो पंजानें खालवर करावा. थर चांगला आहे कीं नाहीं, हें मुठीनें कळतें: मूठभर भुसा दाबून सोडावा, त्याचा लाडू तसाच राहिला तर तो फार ओला आहे, आणि हलकेंच मोकळा झाला तर योग्य आहे. पाण्याच्या भांड्याभोंवतालचा भिजलेला भाग रोजच्या रोज काढून नवा घालावा. हाच थर पुढें कुजवून परसबागेस उत्तम खत होतो.

आतां अन्नाकडे वळूं. कोंबडीची ऊब अन्नापासून निर्माण होते असें वर सांगितलें. तेव्हां थंडींत तिला अधिक खावयास लागतें हें ओघानेंच आलें. एरवीं अंडीं घालणारी कोंबडी दिवसास सुमारें १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. थंडींत तिच्या भांड्यांत त्याहून थोडें अधिक असावें. नेहमींचें खाद्य दिवसभर देऊन, सूर्यास्ताच्या आधीं अर्धा तास मूठ-दोन मूठ बाजरी, ज्वारी किंवा भरडलेला मका उधळावा. हे दाणे गळ्याच्या थैलींत सांठून रात्रभर हळूहळू पचतात, आणि त्या पचनाबरोबर शरीरांत ऊब निर्माण होत राहते. कोंबडी निजावयास गेल्यावर तिच्या गळ्याखालची थैली हलकेंच चांचपावी. ती भरलेली लागली तर निश्चिंत व्हावें. मात्र दिवसभर नुसतें धान्य घालूं नये. अंड्यासाठीं मांस वाढविणारें पौष्टिक द्रव्य व चुना हीं दोन्ही लागतात; म्हणून पेंड घातलेलें खाद्य, हिरवा पाला, व शिंपल्यांचा चुरा हीं नित्य असावींत. एका अंड्याच्या कवचांत सुमारें ५ ग्रॅम चुन्याचें द्रव्य असतें; तें कोठून तरी यावयास हवें.

दंवानें ओलें झालेलें धान्य व बुरशी आलेली भुईमुगाची पेंड कधींही घालूं नये. १९६० सालीं इंग्लंडांत लाखावर टर्की पक्षी एकाएकीं मेले. शोध करितां असें आढळलें कीं, त्यांना घातलेल्या भुईमुगाच्या पेंडींत बुरशीचें विष होतें. त्या विषास अफ्लाटॉक्सिन असें नांव मिळालें. जें आपण "थोडें खराब, कोंबड्यांना चालेल" म्हणून बाजूला काढितों, तें त्यांना मुळींच चालत नाहीं.

पाण्याविषयीं एवढेंच कीं, रात्रभर बाहेर राहिलेलें गारठलेलें पाणी कोंबड्या कमी पितात. आणि पाणी कमी झालें कीं खाणें कमी होतें, खाणें कमी झालें कीं अंडीं कमी होतात. सकाळीं भांडें घासून त्यांत कोमट पाणी भरावें. या कामास पांच मिनिटेंही लागत नाहींत.

थंडींत अंडीं कमी होतात, म्हणून कित्येकजण थंडीस दोष देतात. खरें कारण बहुतांशीं निराळें आहे. कोंबडीच्या शरीरांत अंडें तयार होण्याची प्रेरणा उजेडानें मिळते. त्यासाठीं दिवसास १४ ते १६ तास उजेड हवा असतो. नाशिकच्या बाजूस उन्हाळ्यांतील सर्वांत मोठा दिवस सुमारें सवातेरा तासांचा, तर डिसेंबरांतील सर्वांत लहान दिवस अवघ्या ११ तासांचा असतो. शिवाय याच सुमारास पुष्कळ कोंबड्या जुनीं पिसें टाकून नवीं घालतात, व त्यांतच त्यांची शक्ति खर्च होते. ज्यांना अंड्यांवर घरखर्च चालवावयाचा आहे, त्यांनीं पहांटे दोन-तीन तास खुराड्यांत एक लहान एलईडी दिवा लावावा; उंदीर कुरतडणार नाहींत अशा बेतानें तार ओढावी. दिवा सायंकाळीं न लावतां पहांटे लावावा. कारण रात्रीं एकाएकीं तो मालविला, तर दांड्यावर न चढलेल्या कोंबड्या अंधारांत जमिनीवरच गारठत बसतात. आणि ज्यांची तशी निकड नाहीं, त्यांनीं या दिवसांत कोंबडीस विसांवा घेऊं द्यावा. देशी कोंबडी वर्षाकांठीं जीं अंडीं देते, तीं या विसांव्यानंतर देणारच आहे.

बाहेरून ऊब देण्याची गरज खरोखर एकाच ठिकाणीं आहे, आणि ती म्हणजे लहान पिलांस. पिलांच्या अंगावर नुसती लव असते. पक्कीं पिसें येण्यास चार-पांच आठवडे लागतात, आणि तोंवर तीं आपली ऊब स्वतः राखूं शकत नाहींत. पहिल्या आठवड्यांत त्यांना सुमारें ३३ ते ३५ अंशांची ऊब लागते. पुढें दर आठवड्यास ती सुमारें ३ अंशांनीं कमी करीत न्यावी. २१ दिवस अंडीं उबवून पिलें काढणारी खुडूक कोंबडी हें काम आपल्या पंखांखालीं बिनचूक करिते. आईवांचूनचीं पिलें असल्यास विजेचा जुन्या पद्धतीचा, तापणारा दिवा पक्क्या साखळीनें टांगावा व पुठ्ठ्याचें गोल कुंपण करावें; चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यांत पिलें एकमेकांवर चढून चिरडतात. पिलें दिव्याखालीं एकत्र दाटून चिंवचिंवत असतील तर त्यांना थंडी वाजते. दिव्यापासून दूर, चोंची उघडून बसलीं असतील तर उकडतें. आणि सगळीकडे पसरून टिपत असतील तर सर्व ठीक आहे. याहून चांगला उष्णतामापक विकत मिळत नाहीं.

शेवटीं रोगांविषयीं थोडें. उत्तराखंडांतील राणीखेत या गांवावरून ज्यास नांव पडलें, तो राणीखेत रोग एकदां शिरला कीं खुराडेंच्या खुराडीं रिकामीं करितो. हिरवट पातळ विष्ठा, घरघर, मान मुरडणें हीं त्याचीं लक्षणें होत. त्यावर औषध नाहीं. लस मात्र आहे, आणि ती पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारून वेळेवर टोंचून घ्यावी. बर्ड फ्लू हा दुसरा भयंकर रोग. आपल्या देशांत तो प्रथम फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें आढळला, व त्या वेळीं लाखों कोंबड्या माराव्या लागल्या. रानांतील पाणपक्ष्यांच्या शरीरांत या रोगाचे विषाणु असूं शकतात. आणि हिंवाळ्यांत नांदूर-मध्यमेश्वरासारख्या जलाशयांवर परदेशांतून असे पक्षी मोठ्या संख्येनें येतात. म्हणून कोंबड्यांचें दाणापाणी उघड्यावर, रानपक्ष्यांना शिवतां येईल असें ठेवूं नये. एकाएकीं पुष्कळ कोंबड्या मेल्या, तर त्यांना हात न लावतां ताबडतोब पशुवैद्यास कळवावें. मेलेली किंवा आजारी कोंबडी विकणें अथवा खाणें हा शेजाऱ्यांविरुद्ध केलेला अपराधच समजावा.

विद्यार्थिमित्रांनो, या सर्व विवेचनाचें सार थोडक्यांत असें आहे. मोठ्या कोंबडीची शेगडी तिच्या शरीरांतच आहे. आपलें काम त्या शेगडीला दाणा पुरविण्याचें, तिच्यावर पाणी पडूं न देण्याचें, तिच्यावर वारा घालणाऱ्या फटी बुजविण्याचें, आणि धूर-वाफ जावयाची वाट मोकळी ठेवण्याचें आहे. याला पैसा फार लागत नाहीं. रोज सकाळीं आणि सायंकाळीं दहा मिनिटें लक्ष मात्र लागतें. ज्या मुक्या जिवांच्या अंड्यांवर कित्येकांच्या वह्या आणि फी चालते, त्यांच्यासाठीं एवढें करणें कांहीं जड नाहीं.

आजीला जाऊन आतां पुष्कळ वर्षें लोटलीं. आमच्या परसांत आजही कोंबड्या आहेत, आणि थंडी पडली कीं घरांतील एखादें मूल हमखास म्हणतें, "ही वरची फट बुजवूं का?" मग मी त्याला उदबत्ती आणावयास सांगतों.